हेल्गाबाईंचा चेरीकेक आणि माझी उजवी दाढ

जर्मनीहून परत आल्यावर विहारातल्या बायकांनी मला पुढे बसवलं. म्हणाल्या, "ताई, चार शब्द सांगा, आम्ही काही तिकडे जाणार नाही." मी उभी राहिले, "सगळं स्वच्छ आहे, थंडी असते," एवढं बोलले आणि खाली बसले. चारचौघांत मला बोलता येत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, तेव्हाही बाई कविता म्हणायला उभं करायच्या आणि मी बाकाकडे बघत राहायचे. लिहिताना मात्र समोर कोणी नसतं. म्हणून त्या दिवशी सांगायचं राहिलं ते घरी बसून लिहिते आहे. कोणाला वाचायला द्यायचं ते नंतर बघू.

आमचं घर येरवड्याला, जेलच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. खराडीला पूर्वी आम्ही हुरडा खायला जायचो. त्या शेतांत पुढे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एका इमारतीत आमच्या वैशालीला नोकरी लागली. ती संगणकाची इंजिनियर. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवलं. उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना बोलावलं, पण हे म्हणाले, "तिथे सकाळी मराठी पेपर कोण टाकणार? तू जाऊन ये." हे कंपनीतून निवृत्त झाल्यापासून पेपर वाचणं हीच यांची नोकरी आहे. तेव्हा मी एकटीच गेले. विमानाचं काही लिहीत नाही. बसले, घाबरले, उतरले.

नेकारच्या काठी

वैशालीच्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून नदीचं सांगते. नदीचं नाव नेकार. आपल्या मुळामुठेपेक्षा फार मोठी नाही, पण पाणी वाहतं आणि वास येत नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि डोंगरावर पायऱ्या पायऱ्यांनी द्राक्षाचे मळे. एवढ्या चढावर द्राक्षं लावायची म्हणजे माणसं चिवटच असणार. माझ्या वयाच्या बायका सायकलवरून बाजार करतात. रस्ता ओलांडायला आपण काठावर उभं राहिलो की गाडी थांबते. पहिल्या दिवशी गाडी थांबली, तर मीही थांबले. मला वाटलं, त्यांना पत्ता विचारायचा आहे. ते हाताने "जा" म्हणत होते, मी हाताने "तुम्ही जा" म्हणत होते. मागे चार गाड्या उभ्या राहिल्या, पण एकानेही हॉर्न वाजवला नाही.

ब्रेडचे प्रकार तिथे इतके की मोजायला नकोत. एक काळा, जड ब्रेड मिळतो, तो मला आवडला. त्याला बाजरीच्या भाकरीसारखा खरपूस वास येतो. पण पहिल्या रविवारपर्यंत मला तिखटाची आठवण इतकी व्हायला लागली की सोबत नेलेला छोटा खलबत्ता मी बाहेर काढला आणि मिरचीचा ठेचा कुटायला बसले. दोन मिनिटांत दारावर टकटक झाली.

दारात खालच्या मजल्यावरच्या हेल्गाबाई उभ्या. सत्तरीच्या, पांढरे बारीक केस, पायात लोकरीच्या सपाता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाल्या. वैशाली धावत आली, माफी मागितली आणि मला म्हणाली, "आई, इथे रविवारी आवाज करत नाहीत. कोणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हेल्गाबाई जाईनात. त्या नाक वर करून वास घेत होत्या. मी बशीत चिमूटभर ठेचा घालून दिला. त्यांनी तो जिभेला लावला, डोळ्यांत पाणी आलं, खोकल्या, आणि बशी पुन्हा पुढे केली. तिथून आमची ओळख.

दोन दिवसांनी त्यांनी मला चहाला बोलावलं. टेबलावर चेरीचा केक होता. त्यांनी बशी पुढे केली, मी मान हलवली, नको. आपल्याकडे पाहुणी पहिल्यांदा नको म्हणतेच. मग यजमानीण म्हणते, "असं कसं, थोडं तरी घ्या." पाहुणी म्हणते, "आत्ताच जेवून आले हो." आणि तरी ताटलीत पडतं. हेल्गाबाईंनी मात्र मान डोलावली, बशी उचलली आणि कपाटात ठेवून दिली. मी नुसता चहा पिऊन वर आले.

वैशाली पोट धरून हसली. "आई, इथे नको म्हणजे नको. हवं असेल तर सरळ हो म्हणायचं."

"पहिल्याच वेळी? हावरट म्हणतील."

"म्हणत नाहीत. उलट त्यांना बरं वाटतं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. या वेळी बशी टेबलाला टेकायच्या आत मी "या, या" म्हटलं. या म्हणजे त्यांच्या भाषेत हो. हेल्गाबाई खूश झाल्या. मग त्यांनी एक बोट वर केलं, लांबलचक काहीतरी सांगितलं, केकाकडे दाखवलं, स्वतःच्या दातांकडे दाखवलं. मी म्हटलं, "या." दुसऱ्या घासाला कट्ट असा आवाज झाला.

नंतर कळलं, त्या सांगत होत्या की चेरीतल्या बिया काढलेल्या नाहीत, जपून खा. बियांसकट भाजला की केक रसदार होतो म्हणे.

बी रुमालात काढली. बीबरोबर दाढेचा एक तुकडाही आला. तो पण रुमालात ठेवला आणि उरलेला केक डाव्या बाजूने चघळत संपवला. एवढ्या हौसेने केलेला, टाकायचा कसा? त्यांनी आणखी हवा का विचारलं. मी आता शिकले होते. "या" म्हटलं.

डॉक्टरांची खुर्ची

रात्री मी भाकरी आमटीत बुडवून बुडवून खाते आहे हे वैशालीने पाहिलं. "तोंड उघड," म्हणाली, आणि पाहून लगेच डॉक्टरांची वेळ ठरवायला बसली.

इथे माझ्या तोंडाची हकीकत सांगायला हवी. डाव्या बाजूच्या माझ्या दाढा काही वर्षांपूर्वी येरवड्यातच काढल्या. त्या वेळी डॉक्टरांनी यांना विचारलं, "काढू का?" हे म्हणाले, "काढून टाका, कटकट नको." मला कोणी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, माझ्या तोंडात आरसा होता. तेव्हापासून मी उजव्या बाजूने चावते. उजवीकडे खाली ही एकच दाढ कामाची उरलेली, तीही चांदी भरलेली. ती गेली की भाकरी गेली, चणे गेले, ऊस गेला, आणि पुढे आमटीत बुडवून खायचं. मला झोप लागेना.

गावातले दाताचे डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवणारे. हात धुऊन आले, आधी माझ्याशी हस्तांदोलन केलं, मग वैशालीशी. दात बघितले आणि काहीतरी विचारलं. वैशाली म्हणाली, "विचारताहेत, दातांवर काळे डाग कशाचे? कॉफी फार पिते का तुझी आई?" आणि मी काही बोलायच्या आत तिनेच "हो" सांगून टाकलं. मी मिश्री लावते, पण मिश्रीला जर्मन शब्द तिला येत नव्हता. डॉक्टर माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले म्हणे, की एवढी कॉफी पिणारी बाई त्यांनी पाहिली नाही.

तेवढ्यात वैशालीला ऑफिसचा फोन आला आणि ती बाहेर गेली. डॉक्टरांना जुनी चांदी काढून दाढ आतून साफ करायची होती. त्यांनी इंजेक्शन उचलून मला दाखवलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली, नको. सवयीने हललेली मान. एवढ्या मोठ्या माणसाला माझ्यासाठी त्रास कशाला, आणि ते म्हणतीलच ना, "अहो, घ्या." ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी इंजेक्शन खाली ठेवलं आणि मशीन सुरू केलं.

काय झालं ते सांगत बसत नाही. दोन्ही हातांनी मी खुर्ची धरली होती. डॉक्टर थांबले, खुणेने विचारलं, दुखतंय? मी मान हलवली, नाही. त्यांनी मशीन बंद केलं, हातमोजे काढले आणि स्वतः जाऊन वैशालीला बोलावून आणलं.

"आई, डॉक्टर म्हणताहेत, तुझी मान नाही म्हणते आणि हात हो म्हणतात. मी कोणाचं ऐकू?"

"सांग त्यांना, मला त्रास द्यायचा नव्हता."

"तू इंजेक्शन नको म्हणालीस?"

"पहिल्यांदा म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही."

वैशालीने कपाळाला हात लावला आणि त्यांना आपली पद्धत समजावून सांगितली. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "तुमच्याकडे कितवं नको खरं असतं?"

"तिसरं," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी मला इंजेक्शन हवं का असं तीनदा विचारलं, प्रत्येक वेळी एकेक बोट वर करून. तिसऱ्याला मी हो म्हटलं. इंजेक्शन देताना त्यांना हात थांबवावा लागला, इतकी वैशाली हसत होती.

दाढ साफ झाल्यावर त्यांनी पडद्यावर तिचा मोठा फोटो दाखवला. उखळाचा एक काठ फुटावा तशी ती दिसत होती. डॉक्टर जर्मन बोलत होते, पण बघत होते माझ्याकडे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रस्ते तीन. एक, काढून टाका. दोन, चारी बाजूंनी तासून वरून टोपी बसवा. तीन, उरलेली चांगली दाढ तशीच ठेवून फुटलेल्या भागापुरतं नवं झाकण घडवून घ्या. नुसत्या खड्ड्यात बसतं त्याला इनले म्हणतात, आणि पडलेला कंगोराही झाकतं तो ऑनले. माझ्या दाढेला ऑनले लागणार होता. तो दाताच्या रंगाचाही होतो आणि सोन्याचाही.

"पांढरा," वैशाली म्हणाली.

डॉक्टरांनी तिला काहीतरी विचारलं आणि ती जरा लाजली. मी म्हटलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, दाढ तुमची आहे का?"

मी म्हटलं, "त्यांना सांग, ते म्हणतील तसं." वैशालीने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. ते म्हणाले, "तिन्ही रस्ते मी नीट करून देईन. कुठल्या रस्त्याने जायचं ते तुम्ही सांगायचं. विचार करा, शुक्रवारी या." आणि दाढेत लांबी भरावी तसा काहीतरी तात्पुरता लेप भरून मला घरी पाठवलं.

शुक्रवारपर्यंत

संध्याकाळी यांचा फोन आला.

"जयभीम. ऐकलं ते खरं का? दात पाडायला जर्मनीला गेलीस?"

"दाढ आहे. अर्धी शिल्लक आहे."

"येरवड्यात येऊन काढून टाक. इथे काय डॉक्टर संपले?"

"ती काढली तर चावायला काही उरत नाही, अहो."

"माझं बघ, मी गिळतोच ना सगळं."

मागून वैशाली ओरडली, "बाबा, ते सोन्याचंही बसवतात."

हे म्हणाले, "लोक माणूस मेल्यावर तोंडात सोनं ठेवतात. आपण ते कधीच सोडलं. तू जिवंतपणी सुरू कर."

"मेल्यावर चावायचं नसतं," मी म्हटलं.

फोन महाग आहे म्हणून यांनी तो ठेवून दिला.

वैशालीने जिन्यात दाढेचं सांगितलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी हेल्गाबाई केकाबद्दल वाईट वाटून रडवेल्या होऊन वर आल्या. वैशालीने त्यांना डॉक्टरांचे तीन रस्ते सांगितले. त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी उजेडात उभं राहून तोंड उघडलं आणि बोटाने गाल बाजूला केला. आपल्याकडे बाई अशी कोणाला तोंड दाखवणार नाही. मागे दोन दाढांवर सोनं होतं, झिजून अगदी मऊ दिसणारं, आणि एकीवर पांढरं. सोनं त्यांच्या लग्नानंतर लगेच बसवलेलं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकलं. पांढरं अलीकडचं. "दोन्ही चांगले," म्हणाल्या, "फक्त पांढऱ्याकडे मी आरशात बघते आणि सोन्याकडे बघायचं विसरते."

त्या गेल्यावर मी आणि वैशाली नदीकाठी फिरायला गेलो. तिथे उन्हाळ्यात उजेड फार उशिरापर्यंत राहतो, जेवणं होतात तरी ऊन मळ्यांवर असतं. बाकावर बसलो.

"आई, पैशाचं मी बघते, तो विचार करू नकोस. पण पांढराच घे. तू हसलीस की सोनं चमकेल. जुनाट दिसतं ते."

"मी हसते तेव्हा तोंडावर पदर असतो."

"तेच तर म्हणते, पदर काढ ना आता."

"पदर काढून मागची दाढ दिसायला मी घोडी आहे का?"

ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "मला नको वाटतं कोणी तुला बघून काही बोललेलं." मला कळलं ती कोणाबद्दल बोलते आहे. तिच्या ऑफिसातले लोक आईवडिलांना घेऊन एकत्र जेवायला जमत असत. तिथल्या इतर आया इंग्रजी बोलायच्या, आणि मी कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून बसायचे. वैशाली दर पाच मिनिटांनी येऊन मला काही हवं का विचारायची. तिला माझी लाज वाटत नव्हती. माझ्या वतीने भीती वाटत होती. मी तिचा हात थोपटला आणि म्हटलं, "बघते."

खरं म्हणजे मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती कोणीच सांगितली नव्हती. शुक्रवारी खुर्चीत बसल्यावर मी वैशालीला म्हटलं, "त्यांना विचार, कशाला माझी दाढ कमी कापावी लागेल?"

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "सोन्याला," ते म्हणाले. सोनं पातळ असलं तरी फुटत नाही, त्यामुळे जागा कमी लागते. वरच्या दाढेलाही ते झिजवत नाही. पांढऱ्याला जाडी द्यावी लागते, म्हणून दाढ जरा जास्त तासावी लागेल. दिसायला मात्र पांढरा छान.

"मग सोनं," मी म्हटलं.

"आई, नक्की?" वैशालीने विचारलं.

"लग्नाकार्यात सोनं घालते ते लोकांनी बघावं म्हणून. हे मला चावायला हवंय."

तिने पुढे वाद घातला नाही. डॉक्टरांनी दाढ थोडी तासली, ओल्या कणकेसारख्या गोळ्यात तिचा ठसा घेतला आणि तो साच्याने ओतकाम करणाऱ्याकडे पाठवला. रविवार पेठेतले सोनारही मेणाच्या नमुन्यावरून असेच दागिने ओततात, हे मी सांगितल्यावर डॉक्टरांना मोठी मौज वाटली.

निळा कागद

ऑनले तयार होऊन आला तो तुरीच्या दाण्याएवढा. उलटा धरला तर आत माझ्या दाढेच्या सगळ्या खाचाखोचा. डॉक्टरांनी तो न चिकटवता नुसता बसवून पाहिला. मग दातांमध्ये निळा कागद धरला आणि म्हणाले, "चावा." मी चावलं. "कसं वाटतंय?"

"चांगलं," मी म्हटलं.

त्यांनी कागद काढला, तोंडात पाहिलं आणि स्टुलावर बसून राहिले. चिकटवायचं सामान समोर तयार होतं, त्याला हात लावेनात. शेवटी वैशालीशी बोलले.

"आई, ते म्हणताहेत, आत्ता तो मोकळा आहे तोवर हवा तसा घासता येतो, चिकटवल्यावर कठीण. कागदावरून त्यांना अंदाज येतो, पण नेमकं तुलाच कळणार. उंच राहिला तर सगळा जोर त्या दाढेवर येईल आणि उरलेली दाढही चिरेल."

मी तोंड हळूहळू मिटलं. जेवताना भाकरीत कच यावी तसं उजवीकडे मागे काहीतरी आधी लागत होतं. डावीकडचे उरलेले दात एकमेकांना टेकतच नव्हते. पहिल्या वेळीच मला ते कळलं होतं.

"मागे उंच आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी तो काढून घासला, पुन्हा बसवला. निळा कागद. "आता?"

"थोडा आहे अजून."

पुन्हा घासला. बाहेर बाकावर दुसरा पेशंट येऊन बसल्याचं काचेतून दिसत होतं. एका बाईच्या कडेवर मूल होतं आणि ते कुरकुरत होतं. डॉक्टरांची मदतनीस घड्याळाकडे बघत होती.

"आता?"

"आतल्या कडेला. जिभेच्या बाजूला."

"आई, पुरे आता," वैशाली हळूच म्हणाली. "किती वेळा करायला लावणार?"

"तू गप्प बस."

डॉक्टरांना मराठी येत नाही, पण हे त्यांना कळलं. ते हसले आणि पुन्हा यंत्रापाशी गेले. या वेळी त्यांनी अगदी नुसतं फुंकर घातल्यासारखं घासलं. बसवला. कागद ठेवला. मी डोळे मिटून चावलं. मग जबडा डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पुन्हा चावलं. कच गेली होती. डावीकडचे दात आणि उजवीकडची दाढ, दोन्ही एकदम टेकत होते. दोन्ही बाजू एकदम टेकणं काय असतं हे मी पार विसरून गेले होते.

डॉक्टर वाट बघत होते. वैशाली वाट बघत होती. मी घाई केली नाही. आणखी एकदा चावून पाहिलं, मग आणखी एकदा, आणि मगच त्यांना सांगितलं, "आता चिकटवा."